कोन कोणत्या कंसाकडे पाहतो?

भिंतीवरचं घड्याळ उतरवून टेबलावर ठेवा. चौकोनी नको, गोलच घ्या. काट्यांकडे लक्ष देऊ नका, कडेच्या बारा आकड्यांपुरतंच पाहा. केंद्रातून पाहिलं तर लगतच्या दोन आकड्यांमध्ये ३० अंशांचा कोन असतो, कारण ३६० ला बाराने भागलं की ३० येतात. आता केंद्र सोडून १२ या आकड्यावर या आणि तिथून ४ आणि ७ या आकड्यांकडे दोन रेषा ओढा. त्या दोन रेषांमधला कोन किती?

कोनमापक लावायची गरज नाही. ४ ते ७ म्हणजे तीन घरं, केंद्रातून ९० अंश. कडेवरून पाहणाऱ्याला त्याच्या निम्मे, ४५ अंश. तुम्ही १२ ऐवजी ९ वर बसलात तरी ४५, १ वर बसलात तरी ४५. वरच्या मोठ्या कंसावर कुठेही सरका, अगदी दोन आकड्यांच्या मधल्या जागीसुद्धा, कोन बदलत नाही. जागा बदलली की दृश्य बदलतं हा आपला रोजचा अनुभव. वर्तुळाच्या कडेवर मात्र तो चालत नाही.

राज्य मंडळाच्या दहावीच्या गणित भाग २ मध्ये ‘वर्तुळ’ हे तिसरं प्रकरण. त्यात अंतर्लिखित कोनाचं प्रमेय, अर्धवर्तुळातला काटकोन, एकाच कंसातले एकरूप कोन, चक्रीय चौकोन, स्पर्शिका-छेदिका कोन अशी एकामागून एक प्रमेयं येतात. मुलं ती वहीच्या शेवटच्या पानावर यादी करून लिहितात आणि पाठ करतात. मग ‘क्ष’ची किंमत काढायचं गणित समोर आलं की यादीतलं कितव्या नंबरचं प्रमेय लागेल याचा अंदाज बांधत बसतात. माझ्या मते ही यादीच मुलांना अडवते. प्रमेय खरं तर एकच आहे: अंतर्लिखित कोनाचं माप त्याने अंतर्खंडित केलेल्या कंसाच्या मापाच्या निम्मं असतं. बाकीची सगळी त्यातूनच निघतात. आकृती समोर आली की विचारायचा प्रश्नही एकच, हा कोन कोणत्या कंसाकडे पाहतो आहे?

निम्मं का, हेही घड्याळावरच दिसतं. १२ पासून केंद्रातून सरळ रेघ ओढली की ती ६ ला पोहोचते. आता १२, केंद्र आणि ४ यांचा त्रिकोण घ्या. त्याच्या दोन बाजू त्रिज्या आहेत, म्हणून तो समद्विभुज आणि पायाजवळचे दोन्ही कोन सारखे. केंद्रापाशी ४ आणि ६ यांच्यामधला ६० अंशांचा कोन हा या त्रिकोणाचा बाह्यकोन. बाह्यकोन म्हणजे दोन्ही आंतरविरुद्ध कोनांची बेरीज, आणि ते दोन्ही सारखेच. म्हणून १२ पाशी ३० अंश. दुसऱ्या बाजूला ७ घेऊन हेच करा: केंद्रापाशी ३०, तर १२ पाशी १५. बेरीज ४५. दोन्ही आकडे ६ च्या एकाच बाजूला असते तर बेरजेऐवजी वजाबाकी केली असती. युक्लिडच्या ‘एलिमेंट्स’च्या तिसऱ्या खंडात वर्तुळावरची ३७ विधानं आहेत. त्यातलं विसावं हेच, आणि सिद्धताही याच वाटेची. दोन समद्विभुज त्रिकोण, बास.

एवढं हाती आलं की बाकीची प्रमेयं पाठ करावी लागत नाहीत. कंस अर्धवर्तुळाचा असेल तर माप १८०, निम्मे ९०. म्हणून ३ आणि ९ कडे कडेवरच्या कुठल्याही आकड्यावरून पाहा, काटकोनच दिसेल. थेल्सने वर्तुळात काटकोन त्रिकोण पहिल्यांदा बसवला आणि त्या आनंदात बैल बळी दिला, अशी कथा डायोजिनीस लेअर्शियसने नोंदवली आहे. काही जण ती पायथागोरसची सांगतात, असंही तो लगेच म्हणतो. कथा कुणाचीही असो, कामाला हे प्रमेय आजही येतं. गोल फळीचा मध्य शोधायचा असेल तर गुण्याचा काटकोनाचा कोपरा फळीच्या कडेवर टेकवायचा, गुण्याच्या दोन्ही भुजा कड जिथे ओलांडतात तिथे खुणा करायच्या आणि त्या खुणा जोडायच्या. तो झाला व्यास. कोपरा दुसरीकडे टेकवून आणखी एक व्यास काढला की दोघं छेदतात तो मध्य. त्यासाठी कर्कटक लागत नाही, दोरी लागत नाही.

चक्रीय चौकोनाचे संमुख कोन पूरक असतात, हेही आपोआप मिळतं. घड्याळावर १२, २, ५ आणि १० जोडा. कडेवरचे कंस क्रमाने ६०, ९०, १५० आणि ६०. २ वरचा कोन पाहतो ५ पासून १० वरून १२ पर्यंतच्या कंसाकडे, म्हणजे २१० अंशांकडे, कोन १०५. त्याच्या समोरचा १० वरचा कोन उरलेल्या १५० कडे पाहतो, कोन ७५. दोघांनी मिळून अख्खं वर्तुळ पाहिलं, ३६०, निम्मे १८०. यात वेगळं प्रमेय कुठे आहे?

सरावात मुलं अडखळतात ती कंस ओळखताना. १२ आणि ४ केंद्राशी १२० अंश करतात. ८ वरून पाहिलं तर ६०, हे सगळे बरोबर सांगतात. पण २ वरून? पुष्कळ जण तिथेही ६० लिहून मोकळे होतात. २ हा आकडा १२ आणि ४ यांच्या मधल्या छोट्या कंसावर बसलेला आहे, आणि ज्या कंसावर आपण बसलो तो आपल्याला दिसत नाही. दिसतो तो समोरचा विशालकंस, २४० अंशांचा. म्हणून कोन १२०.

याच आकृतीत दुसरा खड्डा आहे. केंद्र, १२, २ आणि ४ जोडून झालेला चौकोन वर्तुळात छान बसलेला दिसतो, आणि ‘चक्रीय चौकोन, संमुख कोन पूरक’ असं लिहायचा मोह होतो. केंद्राशी १२०, २ पाशीही १२०, बेरीज २४०. एक शिरोबिंदू केंद्रावर आहे, कडेवर नाही, म्हणजे हा चौकोन चक्रीय नाहीच. आणि व्यास ‘दिसतो’ म्हणून व्यास धरणं हा तर नेहमीचाच घोळ. जीवा केंद्रातून जाते असं गणितात लिहिलेलं नसेल तर ती जात नाही असं समजून चालावं, चित्र काहीही सांगो.

आता घड्याळ बाजूला ठेवून परीक्षेत येतं तसं गणित घेऊ. अब हा वर्तुळाचा व्यास. क हा वर्तुळावरचा बिंदू, कोन कअब ३५ अंश. व्यासाच्या दुसऱ्या बाजूला वर्तुळावर ड. कोन अडक काढा. शिवाय क मधून जाणारी स्पर्शिका, अब ही रेषा ब च्या पुढे वाढवल्यावर तिला प मध्ये मिळते. कोन प किती?

बहुतेकांचा हात आधी त्रिकोण अकब कडे जातो: क पाशी काटकोन, म्हणून ब पाशी ५५, मग एकाच कंसातले कोन. चूक नाही, पण लांबचा रस्ता. माझा आग्रह असा की आधी कोनांना हात लावू नये. पेन्सिलीने वर्तुळाच्या बाहेरच्या बाजूला कंसांची मापं लिहावीत. अ पाशी ३५ आहे, तो कंस बक कडे पाहतो, म्हणून बक ७०. व्यासाने अर्धं वर्तुळ दिलं आहे, म्हणून उरलेला कंस अक ११०. ड कुणाकडे पाहतो? अक कडे. झाले ५५. हे गणित दोन ओळींत संपतं, आणि उत्तरपत्रिकेत कारण म्हणून अंतर्लिखित कोनाच्या प्रमेयाचं नाव लिहिलं की पुरतं. कोन प चं नंतर पाहू. त्यासाठी वर्तुळाबाहेर जावं लागणार आहे.

‘चक्रीय चौकोनाचे संमुख कोन २क्ष + १० आणि ३क्ष − ५, तर क्ष काढा’ या जातीची गणितं सरावसंचांत डझनावारी असतात. उत्तर ३५, कोन ८० आणि १००. गुणांसाठी ठीक आहेत, पण त्यांत भूमिती एका ओळीपुरतीच, पुढचं सगळं बीजगणित. दहा सोडवलीत तर नऊ वेळा समीकरणाचाच सराव होतो.

त्यापेक्षा कोनाचा शिरोबिंदू कडेवरून हलवून पाहा. तो वर्तुळाच्या आत नेला तर? घड्याळावर १२–६ आणि २–७ या जीवा काढा. त्या आत कुठेतरी छेदतात, केंद्रात नव्हे. छेदनबिंदूपाशी १२ आणि २ यांच्या दिशांमधला कोन एका बाजूला १२ ते २ चा कंस पाहतो, ६० अंशांचा. त्याचा विरुद्ध कोन ६ ते ७ चा, ३० अंशांचा. दोन्ही कंसांच्या बेरजेचे निम्मे, ४५. पटत नसेल तर १२ आणि ७ जोडा: त्या छोट्या त्रिकोणात १२ पाशी १५, ७ पाशी ३०, आणि आपला कोन हा त्यांचा बाह्यकोन.

शिरोबिंदू बाहेर गेला की बेरजेची वजाबाकी होते. मघाच्या १२, २, ५, १० या चौकोनात १०–१२ आणि ५–२ या बाजू वरच्या अंगाला वाढवा. त्या जिथे मिळतात तिथला कोन दूरच्या १५० मधून जवळचे ६० वजा करून निम्मा, म्हणजे ४५. ताळा करायचा तर १० पाशी ७५, ५ पाशी ६०, मग तिसऱ्या कोनाला ४५ च उरतात. आता आधीच्या गणितातला कोन प घ्या. एक रेषा स्पर्शिका आहे, पण नियम तोच: दूरचा कंस अक ११०, जवळचा बक ७०, फरकाचे निम्मे २०. क ला केंद्राशी जोडून ९० वजा ७० करा, तेच येईल. आत बेरीज, बाहेर वजाबाकी, कडेवर नुसतं निम्मं: शिरोबिंदू कुठे आहे एवढं पाहिलं की प्रमेयांची सारी यादी उलगडते.

इथे एक गंमत सांगतो, कारण ती पाठ्यपुस्तकात सहसा नसते. वर्तुळावर कुठेही, वेडेवाकडे, पाच बिंदू घ्या आणि एक सोडून एक जोडत पाच टोकांची चांदणी काढा. पाचही टोकांच्या कोनांची बेरीज किती? एकही कोन दिलेला नाही, बिंदूंमधलं अंतरही नाही. तरी उत्तर ठरलेलं आहे. प्रत्येक टोक समोरच्या एकाच कंसाकडे पाहतं, पाच टोकांचे पाच वेगळे कंस, आणि ते मिळून अख्खं वर्तुळ. ३६० चे निम्मे १८०. सात बिंदू घेऊन एक सोडून एक जोडले तर प्रत्येक टोकाला लगतचे तीन कंस दिसतात, प्रत्येक कंस तीनदा मोजला जातो, आणि बेरीज ५४० होते. दोन सोडून तिसरा जोडला तर पुन्हा १८०. एकही सुटा कोन न कळता बेरीज कळते, हे मुलांना एकदा तरी करू द्यावं.

आता स्पर्शिका. घड्याळाच्या माथ्यावर, १२ पाशी, आडवी पट्टी टेकवा. १२ वरून ४ कडे जाणारी जीवा आणि पट्टीची उजवी बाजू यांच्यात ६० अंश. म्हणजे १२ ते ४ या कंसाचे निम्मे. पट्टीपासून १ कडे १५ अंश, २ कडे ३०, ३ कडे ४५, असं करत ११ कडे १६५ आणि पट्टीची डावी बाजू १८०. एका ठिकाणी उभं राहून दर घराला १५ अंश वळायचं.

स्थापत्य अभियांत्रिकीच्या पदविकेला असलेली मुलं हे वाचून हसतील, कारण रस्त्याचं किंवा लोहमार्गाचं वळण जमिनीवर असंच आखतात. रँकिन या स्कॉटिश अभियंत्याच्या नावाने ही पद्धत ओळखली जाते. अडचण अशी असते की वळणाचं केंद्र तीनशे मीटर लांब, बहुधा डोंगराच्या पोटात किंवा कुणाच्या तरी शेतात. तिथे खुंटी ठोकून दोरीने कंस मारणं शक्य नाही. मग केंद्राचा नादच सोडायचा. सरळ मार्ग संपून वळण सुरू होतं तिथे थिओडोलाइट उभा करायचा आणि दुर्बीण सरळ रेषेत, म्हणजे स्पर्शिकेवर, धरायची. त्रिज्या ३०० मीटर आणि खुंट्या २० मीटर अंतराने ठोकायच्या, तर प्रत्येक तुकडा केंद्राशी साधारण ३ अंश ४९ मिनिटांचा कोन करतो. स्पर्शिकेपासून त्याच्या निम्मं, सुमारे १ अंश ५४½ मिनिटं, वळायचं. टेपवाला २० मीटरवर टेप ताणून दुर्बिणीच्या रेषेत येईपर्यंत डावी-उजवीकडे सरकतो; पहिली खुंटी. पुन्हा तितकंच वळा, टेप आता पहिल्या खुंटीपासून २० मीटर, दुसरी खुंटी. यंत्र जागचं हलत नाही. टेप ताणला जातो तो जीवेवर आणि हिशेब असतो कंसाचा, पण २० मीटरला दोघांत फरक जेमतेम काही मिलिमीटरचा. आपल्या रेल्वेत वळणाची तीव्रताही मीटरऐवजी अंशांत सांगायची पद्धत आहे: एक अंशाच्या वळणाची त्रिज्या १७५० मीटर, दहा अंशांची १७५. अंश जितके जास्त, वळण तितकं अडचणीचं.

समुद्रावरही हीच भूमिती. किनाऱ्यावर नकाशात नोंदलेल्या दोन खुणा आहेत, समजा दोन दीपस्तंभ, आणि त्यांच्या समोर पाण्याखाली खडक. नकाशावर दोन्ही खुणांतून जाणारं आणि खडकांना पोटात घेणारं वर्तुळ काढतात. त्या वर्तुळावर कुठेही असलेल्या जहाजाला दोन खुणांमधला कोन तोच दिसणार. जहाज वर्तुळाबाहेर गेलं की कोन घटतो, आत आलं की वाढतो. बाहेर वजाबाकी, आत बेरीज. मग सेक्स्टंट आडवा धरून तेवढा एक कोन मोजत राहायचं आणि तो ठरलेल्या मापाच्या वर जाऊ द्यायचा नाही. जहाज नेमकं कुठे आहे हे कळलं नाही तरी खडकांवर नाही, एवढं नक्की.

वर्तुळाचा खरा उपयोग कळतो तो ते काढून घेतल्यावर. इसवी सन ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने ‘ब्राह्मस्फुटसिद्धांत’ लिहिला. त्यात चौकोनाच्या चार बाजूंवरून क्षेत्रफळ काढायचं सूत्र आहे: परिमितीच्या निम्म्यातून एकेक बाजू वजा करा, चारही वजाबाक्यांचा गुणाकार करून वर्गमूळ घ्या. सूत्र चक्रीय चौकोनालाच लागू पडतं, पण ती अट तिथे स्पष्ट शब्दांत नाही. पाचशे वर्षांनी, ११५० मध्ये, भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त चौकोनाच्या बाबतीत या सूत्राचं फळ अस्फुट असल्याचं सांगितलं. कारणही दिलं: चार बाजू ठरल्या तरी कर्ण ठरत नाही, म्हणून क्षेत्रफळही ठरत नाही. एखादा कर्ण किंवा लंब न सांगता क्षेत्रफळ विचारणाऱ्याला त्यांनी पिशाच म्हटलं आहे, आणि उत्तर देणाऱ्याला त्याहूनही मोठं.   

भास्कराचार्यांची हरकत हातांनी करून पाहता येते. ७, २४, १५ आणि २० सेंटिमीटरच्या चार पट्ट्या याच क्रमाने टोकांशी सैल खिळ्यांनी जोडा. चौकट हलते, दाबली तर चपटी होते, ताणली तर फुगते, आणि चारही कोन बदलत राहतात. इथे ‘७ आणि २४ मधला कोन किती’ हा प्रश्न पिशाचाचाच. पण चारही टोकं एका वर्तुळावर यायला हवीत अशी अट घाला, की चौकट एका जागी थांबते: कर्ण २५, तोच व्यास, ७ आणि २४ मध्ये काटकोन, समोर १५ आणि २० मध्येही काटकोन. क्षेत्रफळ ८४ अधिक १५०, म्हणजे २३४. ब्रह्मगुप्ताच्या सूत्राने करा: परिमितीचे निम्मे ३३, वजाबाक्या २६, ९, १८, १३, त्यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ २३४.

सरावाला बसलेल्या मुलाला मी म्हणूनच एक उलटा उद्योग देतो. सुटलेलं गणित घ्यायचं, दिलेल्या गोष्टींतली एक खोडायची आणि उत्तर अजून ठरतं का ते तपासायचं. वरच्या गणितात ‘अब हा व्यास’ खोडलं, तर कंस बक ७० च राहतो, पण अक मोकळा होतो आणि कोन अडक सांगता येत नाही. ‘व्यास’ ठेवून ३५ अंश खोडले, तर कोन अडक जातो, कोन प जातो. अकब आणि अडब हे काटकोन तेवढे टिकतात. दोन्ही ठेवून फक्त ड ची बाजू खोडली, म्हणजे ड वर्तुळावर कुठेही चालेल असं म्हटलं, तर उत्तरं दोन येतात: विशालकंस अक वर असेल तर ५५ आणि लघुकंस अक वर असेल तर १२५.